वाळूच्या शेताची रोजकीर्द

१९३५ सालच्या जानेवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे एक प्राध्यापक नदीकाठची एक पडीक जमीन बघायला गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी ती विकत घेतली. ऐंशी एकर. पण जमीन कसली, वाळूच ती. आधीचा मालक दारूबंदीच्या काळात चोरून दारू गाळायचा. त्याने मातीत होता नव्हता तेवढा कस काढून घेतला. राहतं घर आगीत गेलं. शेवटी मंदीच्या तडाख्यात, थकलेल्या करासकट ती जमीन सरकारच्या गळ्यात टाकून तो परागंदा झाला. मागे एकच वास्तू उभी राहिली होती, ती म्हणजे कोंबड्यांचं खुराडं, आणि तेही शेणाने भरलेलं.

माझी उभी हयात बँकेत गेली. त्यातली बरीच वर्षं शेतीकर्जाच्या टेबलावर. तारण द्यायच्या जमिनी बघत मी पुष्कळ बांध तुडवले आहेत. या जमिनीवर मी दमडीचं कर्ज मंजूर केलं नसतं, हे छातीवर हात ठेवून सांगतो. आमच्या मूल्यांकनाच्या फॉर्मवर रकाने ठरलेले असायचे: विहीर, पंप, बांधबंदिस्ती, फळझाडं, डांबरी रस्त्यापासूनचं अंतर. कोणता पक्षी कोणत्या तारखेला परत आला, पहिलं फूल कधी उमललं, नदीवरचा बर्फ केव्हा फुटला, असा रकाना कुठल्याच फॉर्मवर नव्हता. या प्राध्यापकांच्या वहीत मात्र नेमके तेच रकाने होते. बारा-तेरा वर्षं त्यांनी ते भरले. त्या नोंदी पुढे कोणाच्या कामाला येणार आहेत, याची त्यांना काहीही कल्पना नव्हती.

त्यांचं नाव आल्डो लिओपोल्ड. अमेरिकेत पर्यावरणाची गोष्ट निघाली की हे नाव हमखास निघतं. त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ साली प्रसिद्ध झालेलं ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे पुस्तक वीस लाखांहून अधिक प्रतींनी खपलं. माझी एक पुतणी मॅडिसनला शिकायला होती, तिने ते मला पाठवलं. पुस्तक सुंदर आहे, त्याविषयी वाद नाही. पण माझ्यासारख्या जमाखर्चात वाढलेल्या माणसाला पुस्तकापेक्षा त्यामागच्या वह्यांनी जास्त ओढ लावली. पुस्तक ही खतावणी झाली, रोजकीर्द वेगळी. आणि खातं खरं की खोटं, ते ठरतं रोजकीर्दीवरून.

आल्डोचा जन्म ११ जानेवारी १८८७ चा. गाव आयोवा राज्यातलं बर्लिंग्टन, मिसिसिपी नदीच्या काठावरचं. घराणं जर्मन वळणाचं. वडील कार्ल अक्रोडाच्या लाकडाची उत्तम टेबलं बनवायचे, कारखाना चांगला चालायचा. हौस शिकारीची. पण हा शिकारी मुलखावेगळा होता. वसंतात, पाखरं अंडी घालायच्या वेळी, बंदूक उचलायची नाही, असं त्याने कायदा नसतानाच स्वतःला घालून घेतलं होतं. शनिवार-रविवार तो पोराला दलदलीतून हिंडवायचा, कुजकं ओंडकं उलटून त्याखाली काय राहतं ते दाखवायचा. पोराला पुढे काय व्हायचं ते तिथेच ठरलं असावं. शिकायला दूर पाठवल्यावर आल्डो घरी पत्रं लिहायचा, त्यांत परीक्षेपेक्षा पक्ष्यांचाच मजकूर जास्त असे.

येल विद्यापीठात तेव्हा वनशास्त्राचा नवा अभ्यासक्रम निघाला होता. १९०९ साली तिथली पदवी घेऊन हा बावीस वर्षांचा जवान सरकारी वनखात्यात रुजू झाला. नेमणूक ॲरिझोनातल्या अपाची जंगलात. ॲरिझोना तेव्हा राज्यसुद्धा झालं नव्हतं. नवे बूट, नवी रायफल, घोडा, आणि हाताखाली मोजणीदारांची तुकडी. नव्या साहेबाने करायच्या त्या सगळ्या चुका त्याने केल्या. पैकी एक मोठी.

त्या सप्टेंबरात कड्याच्या काठावर बसून ही मंडळी जेवत होती. खाली ओढ्यात काहीतरी हललं. आधी हरिण वाटलं, पण होती लांडगीण, आणि बरोबर वाढलेली पिल्लं. त्या काळी लांडगा दिसला आणि सोडून दिला, असं कोणी करत नसे. सगळ्यांनी गोळ्या झाडल्या. लिओपोल्ड खाली पोचले तेव्हा म्हाताऱ्या लांडगिणीच्या डोळ्यांत अजून धग होती. त्यांच्या देखत ती विझली.

या प्रसंगावर त्यांनी पुढे एक निबंध लिहिला आणि तो फार गाजला. तो वाचताना असं वाटतं की त्या कड्यावरच त्यांचे डोळे उघडले. प्रत्यक्षात तसं काही झालं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं लिओपोल्ड लांडगे आणि पहाडी सिंह समूळ नाहीसे करा, असंच सांगत राहिले. त्यासाठी त्यांनी शिकाऱ्यांच्या संघटना बांधल्या, लेख लिहिले. हिशेब सरळ होता: लांडगे कमी म्हणजे हरणं जास्त, आणि हरणं जास्त म्हणजे शिकाऱ्यांची चंगळ. निबंध लिहिला १९४४ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी. मला या माणसाबद्दल जे काही वाटतं ते त्या एका क्षणापेक्षा या पस्तीस वर्षांमुळे वाटतं.

मधल्या काळाची हकिगत थोडक्यात सांगतो. बदली न्यू मेक्सिकोत झाली. १९१२ च्या ऑक्टोबरात सांता फे इथल्या एस्टेला बर्जेर या मुलीशी लग्न झालं. पुढच्याच वसंतात घोड्यावरून दौरा करताना गारठ्यात आणि पावसात सापडले, अंग सुजलं, मूत्रपिंडं निकामी होत आली. मरता मरता वाचले आणि वर्षाहून अधिक काळ अंथरुणावर आणि घरात काढावा लागला. त्यानंतर फिरतीची नोकरी जपूनच करावी लागली. पाच मुलं झाली, तीन मुलगे आणि दोन मुली. १९२४ साली न्यू मेक्सिकोतल्या गिला जंगलाचा सुमारे साडेसात लाख एकरांचा टापू रस्ते आणि मोटारी न आणता तसाच राखायचा, असं वनखात्याने मान्य केलं. ती कल्पना लिओपोल्ड यांची. अशी राखीव रानं पुढे अमेरिकेत शेकड्यांनी झाली. त्यांची सुरुवात इथून झाली. स्वतः लिओपोल्ड मात्र त्याच सुमारास बदलीवर विस्कॉन्सिनला, मॅडिसनच्या लाकूड-संशोधन प्रयोगशाळेत गेले होते. जिवंत झाडांचा माणूस कापलेल्या लाकडाच्या कचेरीत! चार वर्षं काढली आणि १९२८ साली सरकारी नोकरी सोडली.

आणि पैसा कोणाचा घेतला? बंदुका आणि काडतुसं बनवणाऱ्या कारखानदारांच्या संस्थेचा. शिकार संपली तर काडतुसं कोण घेणार, म्हणून त्यांना रानातल्या प्राण्यांची मोजदाद हवी होती. लिओपोल्ड राज्यामागून राज्य पालथं घालत हिंडले. आपल्याकडे अशा ठिकाणी लगेच नाकं मुरडली जातात. मला तसं वाटत नाही. कर्ज कोणी दिलं यापेक्षा त्याचा विनियोग कसा झाला, हे बघायची मला सवय आहे. त्या भटकंतीतून १९३३ साली त्यांचा ‘गेम मॅनेजमेंट’ हा ग्रंथ निघाला. त्याच वर्षी विद्यापीठाने त्यांच्यासाठी या विषयाचं पद निर्माण केलं. अमेरिकेतलं ते पहिलंच.

आज ज्याला उपयोजित परिसरशास्त्र म्हणतात त्याची मांडणी या ग्रंथात दिसते. मुद्दा असा की रानातल्या जीवांची संख्या केवळ बंदुकीच्या कायद्याने ठरत नाही. खायला काय आहे, दडायला जागा आहे का, पाणी किती लांब, शत्रू कोण, रोग कोणते, या सगळ्यांवर ती ठरते. म्हणजे कुऱ्हाड, नांगर, गाय, आग आणि बंदूक या ज्या हत्यारांनी रान उजाड झालं, तीच हत्यारं जपून वापरली तर ते पुन्हा उभंही राहू शकतं. १९३३ च्याच सुमारास विस्कॉन्सिनमधल्या कून व्हॅली या खोऱ्यात असा प्रयोग झाला. उतारावरची उभी नांगरट सोडून समतल रेषेवर नांगरट, पट्ट्यापट्ट्याने पिकं, चढावर गुरांना बंदी, ओहोळींना अटकाव. शेतकरी, मृदातज्ज्ञ आणि लिओपोल्ड यांच्यासारखे वन्यजीवांचे जाणकार एकत्र बसले. पाणलोट क्षेत्र विकास हा शब्द आपल्याकडे नंतर पुष्कळ वर्षांनी घरोघरी झाला, काम मात्र तेच.

इथपर्यंत लिओपोल्ड हे जंगलाचे उत्तम मॅनेजर होते, असं म्हणू. हरणं म्हणजे पीक, वाढवायचं आणि कापायचं. हा हिशेब कुठे तरी चुकतो आहे, हे त्यांना दोन प्रवासांनी दाखवलं. १९३५ च्या शरदात ते तीन महिने जर्मनीत होते. तिथली वनं बघायला जगभरचे लोक जात. स्प्रूसची झाडं पलटणीसारखी ओळीत उभी, हरणांना दावणीवर घालावा तसा चारा, एकही लांडगा नाही. आणि झाडांखाली? काही नाही. झुडपं हरणांनी खाल्लेली, पक्षी थोडे, एकाच जातीच्या पाल्याने माती आंबट झालेली. हिशेबाप्रमाणे सगळं बरोबर होतं, पण वन असं त्याला म्हणवत नव्हतं.

पुढच्या वर्षी ते मेक्सिकोत रिओ गाविलान नदीच्या डोंगरात शिकारीला गेले. सरहद्दीच्या अलीकडे, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत, त्यांनी स्वतः अशाच डोंगरांत नोकरी केली होती. तिथे गुरांनी उतार खरवडून टाकलेले, ओढ्यांना गाळ. इथे पाणी नितळ, गवत जाग्यावर. हरणं भरपूर, पण माजलेली नाहीत. आणि लांडगे? होते. पहाडी सिंहही होते. ज्यांना आपण चोर समजून हाकलत होतो, ते घरचेच निघाले. वयाच्या पन्नाशीला आलेल्या, आपल्या विषयावर ग्रंथ लिहून बसलेल्या माणसाला हे कबूल करणं किती जड गेलं असेल! इंग्लंडचे चार्ल्स एल्टन हे परिसरशास्त्रज्ञ १९३१ पासून त्यांचे स्नेही होते. कोण कोणाला खातो, याच्या साखळ्या आणि उतरंडी एल्टननी मांडल्या होत्या. त्या कागदावरच्या आकृत्या लिओपोल्ड यांना इथे डोंगरात चालताना दिसल्या असणार.

आता पुन्हा त्या खुराड्याकडे येऊ. कुटुंबाने ते शेण उपसलं, भिंतींच्या फटी बुजवल्या, नदीला वाहून आलेल्या फळ्या वापरल्या, शेकोटीसाठी दगडी धुराडं बांधलं. घरात त्याला सगळे ‘शॅक’ म्हणत, म्हणजे झोपडीच. वीज नाही, नळ नाही. विद्यापीठाच्या प्रोफेसराचं कुटुंब दर शनिवारी तिथे. एस्टेलाबाई मोठ्या खानदानी घराण्यातल्या, पण त्यांनी कुरकूर केल्याचं कुठे वाचनात नाही. दर वसंतात पाइनची रोपं लावायची. १९३६ च्या दुष्काळात पहिली लागवड बहुतेक सगळी जळून गेली. पुढच्या वर्षी पुन्हा लावली. त्यानंतर पुन्हा. शेवटी हजारो झाडं उभी राहिली. विद्यापीठाच्या आवारातही लिओपोल्ड आणि त्यांचे सहकारी नांगरलेल्या शेतावर मूळच्या प्रेअरीतलं गवत आणि रानफुलं पुन्हा लावू पाहत होते. प्रेअरी म्हणजे तिकडचं उंच गवताचं माळरान. जंगल लावल्याचं ऐकलं होतं, पण माळरान लावायचं, हे त्या काळी लोकांना वेडगळ वाटलं असेल. ते माळ आजही आहे.

आणि वही. पहाटे अंधारातच उठायचं, कॉफीचं भांडं घेऊन दाराशी बाकावर बसायचं, खिशातली वही आणि घड्याळ काढायचं. कोणता पक्षी किती वाजता बोलला. प्रकाश मोजायचं यंत्र त्यांनी पैदा केलं होतं, म्हणजे वेळेबरोबर उजेडही लिहायचा. थंडीत पारा किती, बर्फ किती, जंगली हंस कधी परतले, कुठलं फूल कधी फुललं, कुठलं बोंड कधी तडकलं. शास्त्रात याला फिनॉलॉजी म्हणतात. मराठीत ऋतुनोंद म्हणू या. आपल्या शेतकऱ्याला हे नवं नाही. पळस फुलला, बहावा लगडला, पावशा ‘पेरते व्हा’ म्हणू लागला, हे त्याचं पंचांगच. फरक एवढाच की आपण ते तोंडी ठेवलं, तारखेनिशी लिहिलं नाही.

नोंद ठेवणं हे काम दिसतं तितकं सोपं नाही. कंटाळवाणं असतं. मोठी रक्कम आली त्या दिवशी नोंद कोणीही करील. ज्या दिवशी काही घडलं नाही त्या दिवशी ‘काही नाही’ असं लिहिणारा कारकून मी नोकरीत फार थोड्या वेळा पाहिला. १९४७ साली लिओपोल्ड यांनी सारा एलिझाबेथ जोन्स या सहकारी बाईंबरोबर १९३५ ते १९४५ या अकरा वर्षांच्या नोंदी एका शास्त्रीय नियतकालिकात छापल्या. तीनशेहून अधिक घटना, ओळीने तारखा. सामान्य वाचकाने उघडून लगेच मिटावा, असा तो निबंध.

याच वर्षांत बाहेर मात्र त्यांची फजिती चालली होती. विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडे लांडगे जवळजवळ संपले होते आणि हरणं बेसुमार वाढली होती. हिवाळ्यात ती शेकड्यांनी उपाशी मरत, मरण्याआधी रोपटी खाऊन जंगलाचा उद्याचा दिवसही खाऊन टाकत. १९४३ साली लिओपोल्ड राज्याच्या संवर्धन आयोगावर गेले. त्यांचं म्हणणं, नुसते शिंगवाले नर मारून भागणार नाही, माद्याही मारल्या पाहिजेत. त्या हंगामात सव्वा लाखाहून अधिक हरणं मारली गेली आणि लोक खवळले. लिओपोल्ड यांच्या नावाने शंख करणारं एक वर्तमानपत्रच निघालं. हरणाची पाडसं मारणारा राक्षस, अशी त्यांची प्रतिमा झाली. पुढच्या वर्षी आयोगाने माघार घेतली. पुराव्याच्या जोरावर लोकांना पटवता येतं, ही त्यांची समजूत तिथे पार कोसळली. आणि गंमत बघा, हरणं वाढवा, लांडगे मारा, हे लोकांना वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शिकवणाऱ्यांत ते स्वतः होतेच. लोक त्यांचाच जुना धडा त्यांना म्हणून दाखवत होते.

अल्बर्ट हॉकबॉम नावाचा त्यांचा एक जुना विद्यार्थी चित्रकार होता. पुस्तकाचे मसुदे त्याच्याकडे जात. त्याने गुरुजींना पत्रातून स्पष्ट कळवलं की तुम्ही दुसऱ्यांच्या चुका दाखवता, पण लांडगे मारण्यात तुमचाही हात होता, ते कुठेच येत नाही. गुरुजींना हे झोंबलं असणार. पण त्यातूनच १९४४ च्या एप्रिलमध्ये लांडगिणीवरचा तो निबंध उतरला. हिशेबाच्या वहीत चुकलेली नोंद खोडरबराने पुसायची नसते. ती तशीच ठेवून खाली लाल शाईने उलटी नोंद घालायची, सही करायची. लिओपोल्ड यांनी पस्तीस वर्षांनी सही केली.

त्या निबंधाच्या बाजूने एक सांगायला हवं. लांडगे संपल्यावर हरणांनी डोंगर खाल्ला, या म्हणण्याला ते ॲरिझोनातल्या कैबाब पठाराचा दाखला देत. तिथल्या हरणांचे आकडे पुढे संशोधकांनी तपासले तेव्हा ते बरेच डळमळीत निघाले. गुरं, मेंढ्या, आगी यांचाही त्यात भाग होता. म्हणजे गोष्ट इतकी सरळ नव्हती. पण मूळ मुद्दा, की वरचा शिकारी काढला की खालचं सगळं हलतं, तो टिकून राहिला.

शेवटची दोन-तीन वर्षं वेदनेत गेली. चेहऱ्याची नस दुखण्याचा आजार, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. १९४७ च्या सप्टेंबरात मेयो क्लिनिकमध्ये शस्त्रक्रिया झाली. निबंधांचं पुस्तक एकामागून एक प्रकाशक परत करत होते. अखेर १४ एप्रिल १९४८ ला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून होकार आला. बरोबर एका आठवड्याने, २१ एप्रिलला, एस्टेलाबाई आणि धाकटी मुलगी यांच्यासह ते झोपडीवर होते, रोपं लावायला. सकाळी शेजाऱ्याच्या रानात धूर दिसला. गवत पेटलं होतं, वारा त्यांच्या पाइनच्या दिशेने होता. पाठीवर पाण्याचा पंप घेऊन ते आग विझवायला गेले आणि तिथेच हृदयविकाराने कोसळले. वय एकसष्ट. आग त्यांच्या अंगावरून हलकेच पुढे गेली. खिशातली वही कडेला करपली होती.

पुस्तक मुलाने, लूनाने, सिद्ध केलं. हा लूना पुढे नद्यांचा जगप्रसिद्ध अभ्यासक झाला. थोरला स्टार्कर वन्यजीवांचा, कार्ल वनस्पतींचा, धाकटी एस्टेला लाखो वर्षांपूर्वीच्या परागकणांचा. पाचांपैकी तिघं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. राहिली नीना. तिच्या नावापुढे अशी बिरुदं कमी, पण माझ्या दृष्टीने वडिलांचं खातं चालवलं ते तिने. १९७६ साली नवऱ्याबरोबर ती त्या वाळूच्या रानाशेजारी राहायला आली आणि वडिलांच्या वहीत जी फुलं, जे पक्षी होते, त्यांच्या तारखा पुन्हा लिहू लागली. मध्ये अठ्ठावीस वर्षं कोरी. ऑडिटर असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. तरीही सुरुवातीची बारा आणि नंतरची तेवीस वर्षं समोरासमोर ठेवता आली.

१९९९ साली नीना, तिचा भाऊ कार्ल आणि आणखी दोघांनी मिळून ती तुलना अकादमीच्या नियतकालिकात छापली. पंचावन्न घटना. सरासरीने त्या दरवर्षी ०.१२ दिवस लवकर घडू लागल्या होत्या. आकडा किती चिमुकला! पण एकसष्ट वर्षांचं चक्रवाढ नव्हे, सरळ व्याज लावलं तरी एक आठवडा होतो. विस्कॉन्सिनचा वसंत आठवडाभर आधी येऊ लागला होता. त्या वेळी पृथ्वी तापते आहे की नाही, यावर मोठे लोक वाद घालत होते, आणि इकडे मोजणीचा ताळा एका खुराड्याच्या दाराशी बसून केलेल्या नोंदींतून निघत होता. २०१२ चा वसंत तर इतका उष्ण होता की तिथली फुलं लिओपोल्ड यांच्या काळापेक्षा सरासरीने तीन आठवड्यांहून अधिक आधी फुलली. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसं आहे.

आठवड्याने काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. मला त्या १९९९ च्या निबंधात जास्त लक्षवेधक वाटलं ते हे, की सगळ्याच तारखा सरकल्या नव्हत्या. काही जीव उष्णतेवर चालतात. ऊन वाढलं की कळी फुटते, अळी बाहेर येते. काही जीव दिवसाच्या लांबीवर चालतात, आणि दिवसाची लांबी कोणी बदलू शकत नाही. दूर देशात हिवाळा काढणाऱ्या पक्ष्याला घरी वसंत लवकर आला आहे, हे कळणार कसं? तो आपल्या ठरल्या दिवशी निघतो, आणि पोचतो तेव्हा पिल्लांना भरवायच्या अळ्या संपत आलेल्या असतात. पंगत उठल्यावर पाहुणा दारात. नेदरलँड्समध्ये पाइड फ्लायकॅचर नावाच्या पक्ष्याचं असंच झालं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार जिथे अळ्यांचा हंगाम फार लवकर सरकला होता, तिथे त्यांची संख्या दोन दशकांत सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली. जंगल तसंच उभं होतं, कोणी बंदूक चालवली नव्हती. चुकली होती ती नुसती वेळ. आता कोणत्या रानात कोणती झाडं लावायची, पाणथळीचं पाणी केव्हा सोडायचं, हे ठरवणाऱ्यांना अशा जुन्या तारखा सोन्याच्या भावाच्या वाटतात. आपल्याकडे शाळामास्तरांच्या, मिशनऱ्यांच्या, हौशी पक्षिनिरीक्षकांच्या अशा वह्या कुठल्या माळ्यावर पडल्या असतील, हा विचार मला अधूनमधून छळतो.

सगळंच काही त्यांच्या भीतीप्रमाणे झालं नाही, तेही सांगितलं पाहिजे. विस्कॉन्सिनच्या दलदलीतले सँडहिल क्रौंच आता संपणार, अशा समजुतीने १९३७ साली त्यांनी जवळजवळ शोकगीतच लिहिलं होतं. आता शरदात त्याच नदीच्या वाळूवर ते क्रौंच हजारोंनी उतरतात. आणि १९९८ च्या मार्चमध्ये पिंजऱ्यात वाढवलेले मेक्सिकन लांडगे रानात सोडण्यात आले, ते अपाची जंगलातच.

नीनाबाई २०११ साली गेल्या. त्यानंतरच्या वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक स्टॅन टेंपल आणि त्यांचे एक सहकारी यांनी एक उद्योग केला. १९४० च्या जूनमधल्या एका पहाटेची लिओपोल्ड यांची नोंद त्यांनी काढली. कोणता पक्षी किती वाजता, कोणत्या दिशेला, किती उजेडात बोलला, सगळं लिहिलेलं होतं. त्याप्रमाणे एकेका पक्ष्याचा आवाज गोळा करून त्यांनी ती पहाट ध्वनिफितीवर पुन्हा जुळवली. पाच मिनिटांची आहे. आधी अंधारात एक, मग दुसरा, मग बघता बघता सगळा कल्लोळ. खुराड्याच्या बाकावर आज कोणी बसलं तर त्याला हे असं ऐकू येत नाही. त्यातले काही पक्षी आता तिथे नाहीत, काही नवे आले आहेत, आणि त्या सगळ्यांच्या मागे लांबच्या हमरस्त्यावरच्या गाड्यांची अखंड घरघर आहे.